फिल्टर प्लांटचा कन्सल्टंट टक्क्यावर निवडू नका

पाण्याची नवीन योजना मंजूर झाली की गावात चर्चा कशाची असते, तर ठेकेदार कोण, टेंडर किती टक्के बिलो गेलं, कोणाचा माणूस आहे. पेपरात फोटो येतो भूमिपूजनाचा. पण प्लांट किती एमएलडीचा म्हणजे रोज किती दशलक्ष लिटरचा, कुठल्या पाण्यासाठी, गाळ बसवायला क्लॅरिफ्लॉक्युलेटर ठेवायचा की ट्यूब सेटलर, पाणी उचलायची जॅकवेल कुठे घ्यायची, पंप किती हेडचा म्हणजे किती उंचीवर पाणी चढवणारा, हे सगळं ज्याने आधीच कागदावर ठरवून टाकलेलं असतं त्या कन्सल्टंटचं नाव गावात शंभरातल्या एकालाही माहीत नसतं. तो कसा निवडला हे तर कित्येकदा नगरसेवकांनाही माहीत नसतं, विषयपत्रिकेवर एक ओळ असते, तांत्रिक सल्लागार नेमणेबाबत, सूचक अनुमोदक होतात, मंजूर, पुढचा विषय. मधली काही वर्षं तर नगरपरिषदांवर प्रशासकच बसले होते, तेव्हा तेवढंही होत नव्हतं.

आता ठेकेदाराने वाईट काम केलं तर बिल अडवता येतं, भिंत पाडून परत बांधून घेता येते, फारच झालं तर ब्लॅकलिस्ट करता येतं. कन्सल्टंटची चूक मात्र काँक्रीटमधे ओतली जाते आणि पुढची पंधरा-वीस वर्षं रोज सकाळी नळाला येते. म्हणून माझं म्हणणं असं आहे की सगळ्यात कमी टक्के फी मागेल त्याला काम, ही पद्धतच बंद करावी, फीची रक्कम नगरपरिषदेने स्वतः आधी ठरवून जाहीर करावी, मग त्या रकमेत कोण काय काम करून देतो आणि कुठली माणसं पाठवतो एवढ्यावरच स्पर्धा व्हावी, आणि शेवटचा हप्ता प्लांटने एक अख्खा पावसाळा काढल्याशिवाय देऊ नये. मी स्वतः ठेकेदाराच्या बाजूने फिल्टर प्लांटच्या कामांत बरीच वर्षं काढली, म्हणजे कन्सल्टंटनी काढलेली ड्रॉइंगं प्रत्यक्षात बांधायचं काम आमचं होतं, त्यामुळे हे पुस्तकातलं बोलत नाहीये.

आत्ता चालतं कसं ते आधी बघू. महाटेंडर ह्या सरकारी वेबसाईटवर निविदा निघते, दोन लिफाफे. पहिल्यात उलाढालीचं सीएचं सर्टिफिकेट, मागच्या कामांचे दाखले, जीएसटी, बयाणा रक्कम, अमुक एमएलडीच्या अमुक योजना केल्याचा अनुभव. ह्या लिफाफ्यात पास-नापास एवढंच असतं. दुसऱ्यात एकच आकडा, प्रकल्पाच्या किमतीच्या किती टक्के. ज्याचा आकडा सगळ्यात कमी तो एल-वन, काम त्याला. समजा योजना ४० कोटींची आहे. बरं काम करायचं तर दोन टक्के म्हणजे ८० लाख फी लागेल असं धरू. स्पर्धेत कोणीतरी ०.९ टक्के भरतो, ३६ लाख. कागदावर नगरपरिषदेचे ४४ लाख वाचले, ठरावात तसं लिहिताही येतं, मुख्याधिकारी खूश, ऑडिटवाले खूश.

पण ३६ लाखांत तो माणूस करणार काय? दोन वर्षं साईटवर एक इंजिनिअर बसवायचा म्हटलं आणि त्याला महिना ३५ हजार दिले तरी सव्वाआठ-साडेआठ लाख तिथेच गेले. सर्व्हे, मातीचे बोअर, स्ट्रक्चरल डिझाइन, ड्रॉइंगं, टेंडरची कागदपत्रं, तांत्रिक मान्यतेसाठी सरकारच्या महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या ऑफिसात मारायच्या चकरा, सगळं ह्यातच. मग कुठेतरी कात्री लागणारच. कात्री कुठे लागते हे मी इतक्यांदा बघितलंय की आता डीपीआर म्हणजे योजनेचा सविस्तर अहवाल हातात आला की पहिल्यांदा तेच पान उघडतो, कच्च्या पाण्याच्या तपासणीचं. बहुतेक वेळा तिथे एकच रिपोर्ट असतो. एका दिवशी एक बाटली भरून लॅबला दिलेली, आणि ती बाटलीसुद्धा जानेवारी-फेब्रुवारीतली, कारण मार्चच्या आत प्रस्ताव पाठवायचा असतो. फेब्रुवारीत आपल्या कुठल्याही नदीचं पाणी तसं निवळलेलंच असतं. तीच नदी जुलैत लाल होऊन वाहते, गढूळपणा एनटीयूत मोजतात, तो शेकड्यांत आणि पुराच्या दिवसांत हजारांतसुद्धा जातो. फेब्रुवारीच्या बाटलीवर डिझाइन केलेला प्लांट जुलैत काय करणार, ऑपरेटर तुरटीच्या गोण्या ओतत बसतो, गाळ बसत नाही, सगळं फिल्टर बेडवर येतं, बेड चोक, बॅकवॉश म्हणजे उलटं पाणी सोडून बेड धुणं, परत चोक, शेवटी वैतागून बायपास उघडतात आणि टीसीएल म्हणजे क्लोरीनची पावडर टाकून पाणी तसंच टाकीत. मग गावात ओरड होते की प्लांट बोगस बांधला. ठेकेदाराने ड्रॉइंगप्रमाणेच बांधलेला असतो हो.

पाणी म्हणजे पाणी, त्यात एवढं काय, असं बऱ्याच जणांना वाटतं, म्हणून इथे जरा थांबतो. कोकणातल्या नद्यांचं पाणी मऊ असतं, त्यात अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, फार कमी. तुरटी टाकली की एक मिलिग्रॅम तुरटी साधारण अर्धा मिलिग्रॅम अल्कलिनिटी खाते. पाण्यात अल्कलिनिटी आहेच मुळी लिटरला २० मिलिग्रॅम आणि पावसाळ्यात तुरटी लागतेय ५०, मग पीएच खाली घसरतो आणि फ्लॉक म्हणजे गाळाचा गुठळा नीट धरतच नाही, कितीही तुरटी टाका. तिथे चुन्याचा डोस द्यायची सोय डिझाइनमधेच पाहिजे. देशावरच्या कुठल्यातरी गावाचं डिझाइन उचलून कोकणातल्या गावाला चिकटवलं तर चुन्याची टाकी नसतेच. दुसरीकडे धरणातून पाणी उचलणारी गावं. तिथे उन्हाळ्यात गढूळपणा जवळजवळ नसतो पण शेवाळ असतं, फ्लॉक इतका हलका होतो की तो खाली बसत नाही. धरणाच्या तळातलं पाणी घेतलं तर त्यात लोह आणि मँगेनीज येतं, नळाला पिवळट काळपट पाणी, वास. म्हणून पाणी उचलायच्या इन्टेक वेलला वेगवेगळ्या पातळीवर दारं लागतात, आणि तीही कुठल्या महिन्यात कुठलं उघडायचं हे कळायला वर्षभराचे रिपोर्ट लागतात. उजनीचं पाणी घ्या. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी करत भीमेला मिळतं आणि शेवटी उजनीत जाऊन बसतं, तेच सोलापूर पितं. असल्या पाण्याला नेहमीचा एरेटर, क्लॅरिफ्लॉक्युलेटर, रॅपिड सँड फिल्टर, क्लोरीन ही साखळी पुरेशी आहे का, क्लोरीन आधी टाकला तर सेंद्रिय घाणीबरोबर मिळून त्याचे नको ते पदार्थ तयार होतात त्याचं काय, हे प्रश्न कोणीतरी विचारायला नकोत का? आणि अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात तर विहिरीचं पाणीच खारट, वाळूच्या फिल्टरने क्षार जात नाहीत हे शाळेतल्या पोरालाही सांगता येईल. तिथे आधी पाणी कुठून आणायचं हा प्रश्न सुटला पाहिजे, प्लांटचं डिझाइन त्यानंतर.

म्हणजे कन्सल्टंटचं खरं काम प्लांटचं ड्रॉइंग काढणं हे नाहीच. तुमच्या गावाचं पाणी वर्षभर कसं वागतं ते समजून घेणं हे काम आहे, ड्रॉइंग त्यातून येतं. आणि नेमकं ह्याच कामाला टक्केवारीच्या टेंडरमधे एक पैसा मिळत नाही.

२०२५च्या जानेवारीत पुण्यात काय झालं ते आठवा. सिंहगड रोडच्या बाजूला, नांदेड गाव, किरकटवाडी ह्या भागात जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे, पेशंट एकदम वाढले. ही गावं २०२१ला महापालिकेत आली होती, पण फिल्टर प्लांट नव्हता, खडकवासल्याचं पाणी विहिरीत यायचं आणि नुसता क्लोरीन टाकून पुढे जायचं. सगळा दोष पाण्याचाच होता का ह्यावर तेव्हा वाद झाले, कोंबडीवरही बोट गेलं, पण साडेतीन वर्षं ह्या भागाला फिल्टर न केलेलं पाणी दिलं जात होतं हे तर खरं. आता असं काही झालं की दुसऱ्या दिवसापासून मागणी सुरू होते, प्लांट पाहिजे, ताबडतोब पाहिजे. मागणी बरोबरच आहे. पण ताबडतोबच्या नादात शॉर्ट नोटीस काढून, सात दिवसांत कन्सल्टंट नेमून, महिन्याभरात डीपीआर, असा प्रकार होतो आणि परत तीच एक बाटली.

बरं, टक्क्याची दुसरी बाजूही आहे आणि ती मला जास्त खटकते. फी जर प्रकल्पाच्या किमतीवर असेल तर प्रकल्प मोठा झाला की फी वाढते. मी कोणाला चोर म्हणत नाहीये, पण माणसाला प्लांट लहान ठेवण्यात तोटा आणि मोठा करण्यात फायदा अशी व्यवस्था आपणच केली आहे. आणि मोठा करायला जागाही भरपूर असते. आपल्याकडे शेवटची जनगणना २०११ची. २०२१ची झालीच नाही. त्यामुळे आज जो डीपीआर बनतो त्यात २०११चा आकडा घेऊन पुढची २५-३० वर्षं लोकसंख्या कशी वाढेल ह्याचा अंदाज बांधायचा असतो, त्याच्या तीन-चार पद्धती आहेत, कुठली घ्यायची ते कन्सल्टंट ठरवतो. एका पद्धतीने ६० हजार येतात, दुसरीने ९० हजार. माणशी १३५ लिटर आणि १५ टक्के गळती धरली तर ६० हजारांना साडेनऊ एमएलडी लागतात आणि ९० हजारांना सव्वाचौदा. म्हणजे त्याच गावाला दीडपट प्लांट, दीडपट किंमत, दीडपट फी, आणि हे सगळं डीपीआरच्या पान नंबर अमुकवरच्या एका तक्त्यात ठरून जातं, जो तक्ता सभेत कोणी उघडत नाही. प्लांट मोठा झाला तर काय बिघडलं, पुढे कामाला येईल, असं म्हणणारे असतात. बिघडतं. अर्ध्या क्षमतेवर चालणारा क्लॅरिफ्लॉक्युलेटर, अर्ध्या वेळ बंद राहणारे पंप, आणि कर्जाचा हप्ता मात्र पूर्ण क्षमतेचा.

शिवाय योजनेची किंमत कधी जागेवर राहत नाही. छत्रपती संभाजीनगरची जायकवाडीवरची योजना १६८० कोटींची होती, ती २७४० कोटींवर गेली. तिथलं काम जीवन प्राधिकरणाकडे आहे, मी तिथल्या फीबद्दल बोलतच नाहीये, फक्त आकडे कसे चढतात ते दाखवतोय. अशा ठिकाणी फी टक्क्यात बांधलेली असेल तर काम तेवढंच राहून फी आपोआप वर जाते, उशीर झाला की बक्षीस.

आणि कमी टक्क्यात वाचलेले ते ४४ लाख? एक साधा हिशोब सांगतो. १० एमएलडी पाणी रोज उचलायचंय. कन्सल्टंटने लेव्हल नीट न घेता "सेफ्टी" म्हणून पंपाचं हेड १० मीटर जास्त धरलं. हे अगदी नेहमीचं आहे, जास्त धरलं तर कोणी विचारत नाही, कमी पडलं तर सगळे विचारतात. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर ह्या फालतूच्या १० मीटरला रोज ४२० च्या आसपास युनिट जातात. ऑपरेटर बिचारा व्हॉल्व्ह अर्धा बंद करून चालवतो म्हणजे आपण वीज विकत घेऊन ती व्हॉल्व्हवर घासून संपवतो. युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाला १२ लाखांवर. चार वर्षांत ते ४४ लाख गेले, आणि प्लांट तर अजून बरीच वर्षं चालायचाय. आणि हे फक्त एका चुकीचं झालं. वीज २२-२३ तास असेल असं धरून प्लांट काढलेला असतो आणि एक्स्प्रेस फीडरची म्हणजे फक्त प्लांटसाठीच्या वेगळ्या वीजलाइनची तरतूदच नसते, तो खर्च वेगळाच.

आता समोरची बाजू, आणि ती हलकी नाहीये. मुख्याधिकारी म्हणतो, मला एल-वन सोडून दुसऱ्याला काम द्यायला सांगता, उद्या लोकल फंडचा ऑडिट पॅरा म्हणजे लेखापरीक्षणाचा आक्षेप लागला, कोणीतरी तक्रार केली, चौकशी लागली, तर तुम्ही येणार का माझ्या बाजूने? त्याची तीन वर्षांनी बदली होणार, प्लांट चांगला चालला तर त्याचं नाव कोणी घेणार नाही, पण जास्त फीवर सही केली तर ती फाईल रिटायर झाल्यावरही त्याच्या मागे येणार. त्याच्या जागी मी असतो तर मीसुद्धा एल-वनवरच सही केली असती. कमीत कमी दर ही आपल्या ऑफिसांमधली सगळ्यात सुरक्षित जागा आहे. आणि विरोधी नगरसेवकांचाही मुद्दा खोटा नाही, गुणवत्तेला मार्क द्यायचे म्हटले की मार्क देणारा आला, आणि मार्क देणारा आला की त्याला भेटणारेही आले.

ह्यावर नेहमीचं उत्तर म्हणजे क्यूसीबीएस, गुणवत्तेला काही वजन आणि फीला काही वजन. केंद्राच्या २०१७च्या जीएफआर ह्या वित्तीय नियमांमधे सल्लागार निवडायला ही पद्धत दिलेलीच आहे, जागतिक बँकेच्या योजनांमधे तर जुनी आहे. एल-वनपेक्षा कितीतरी बरी. पण वजन किती ठेवायचं ह्यात सगळा खेळ असतो. दोन फर्म आहेत. पहिलीला तांत्रिक मार्क ९०, फी ८० लाख. दुसरीला ७२, फी ४० लाख. ज्याची फी सगळ्यात कमी त्याला फीचे १००, बाकीच्यांना त्या प्रमाणात, म्हणजे पहिलीला ५०. आता ८०:२० वजन ठेवलं तर पहिलीची बेरीज ८२ येते, दुसरीची ७७.६, काम पहिलीला. तेच ७०:३० केलं की पहिली ७८, दुसरी ८०.४, काम दुसरीला. टेंडर काढताना कोणीतरी ८०च्या जागी ७० टाइप केलं आणि गावाचा कन्सल्टंट बदलला! आणि शिवाय अर्ध्या फीमधे येणाऱ्याला अठरा मार्कांचा फरक भरून काढता येतो हे मला पाण्याच्या कामात मान्यच नाही. रस्त्यावरच्या दिव्यांच्या सर्व्हेला चालेल.

म्हणून मी म्हणतो फी आधीच जाहीर करा. ह्यालाही नियमांत जागा आहे, फिक्स्ड बजेट पद्धत म्हणतात, केंद्राच्या सूचनांमधेही ती आहे, मी काही नवीन शोध लावलेला नाही. नगरपरिषदेने सांगायचं, आम्ही ह्या कामाला ८० लाख देणार, एक रुपया जास्त नाही, तुम्ही त्यात काय काय करणार ते लिहून द्या. मुख्याधिकाऱ्याची मोठी भीती इथे संपते, कारण सगळ्यांची फी सारखीच, महागडा निवडला असा आरोपच होऊ शकत नाही. फी एकरकमी, टक्क्यात नाही, त्यामुळे प्लांट फुगवण्यातही कोणाचा फायदा नाही. आणि फर्मना एकमेकांना मागे टाकायचं तर एकच रस्ता उरतो, काम जास्त आणि चांगलं देऊ करणं. कोणी म्हणेल बारा महिन्यांचं पाणी तपासतो, कोणी म्हणेल सहा, कोणी साईटवर तुरटीचा डोस ठरवायच्या जार टेस्टचा सेट ठेवून ऑपरेटरला शिकवतो म्हणेल. हे तुलना करण्यासारखं आहे.

अमेरिकेत तर ह्याच्याही पुढे गेलेत, आणि तेही ५० वर्षांपूर्वी. १९७२च्या ब्रुक्स कायद्याप्रमाणे केंद्र सरकारच्या कामाला आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर निवडताना आधी फक्त लायकी बघायची, सगळ्यात लायक ठरेल त्याच्याशी फीची बोलणी करायची, जमलं नाही तर दुसऱ्या नंबरच्याकडे जायचं. ते आपल्याकडे जसंच्या तसं आणा असं मी म्हणणार नाही, आपल्याकडे "बोलणी" म्हटलं की बंद खोली डोळ्यासमोर येते, जाहीर रक्कम आपल्याला जास्त झेपेल.

मार्क देण्याचा प्रश्न तरी उरतोच. त्याला माझ्याकडे जादू नाही, पण काही गोष्टी करता येतात. मार्क देणाऱ्या समितीत नगरपरिषदेचा पाणीपुरवठा अभियंता, जीवन प्राधिकरणाचा एक अधिकारी आणि सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजचा पर्यावरण शाखेचा प्राध्यापक असावा. थर्ड पार्टी ऑडिटला आपण ह्या कॉलेजांना बोलावतोच, तर मग काम झाल्यावर बोलावण्यापेक्षा आधी का नाही? प्रत्येकाने दिलेले मार्क आणि त्यामागचं कारण दोन ओळींत नोटीस बोर्डवर आणि वेबसाईटवर लावायचं. नुसते मार्क लावून चालणार नाही, कारण लिहायला लागलं की हात जरा सावकाश चालतो.

आणि मार्क कशाला द्यायचे ते तर पूर्ण बदलायला पाहिजे. उलाढाल पाच कोटी का दहा कोटी ह्याने मला काय कळतं? मोठ्या उलाढालीची फर्म येते, टेंडरमधे ३० वर्षं अनुभवाच्या साहेबांचा बायोडेटा लावते, प्रेझेंटेशनला ते साहेब येतात, सगळे प्रभावित. वर्कऑर्डर निघाली की साहेब गायब आणि साईटवर येतो नुकताच डिप्लोमा झालेला पोरगा, ज्याने क्लॅरिफ्लॉक्युलेटर फक्त पुस्तकात बघितलेला असतो. पोरगा चांगला असतो बऱ्याचदा, पण त्याला विचारायला वर कोणी नसतं. म्हणून मार्क द्यायचे ते जी माणसं खरंच काम करणार त्यांना. प्रोसेस डिझाइन करणारा कोण, त्याने केलेले दोन प्लांट आज चालू आहेत का, समितीने तिथे जाऊन बघावं, आणि बघताना साहेबांना नाही, रात्रपाळीच्या ऑपरेटरला विचारावं. बॅकवॉश दिवसातून कितींदा करतोस, पावसाळ्यात बायपास उघडावा लागतो का, गाळ कुठे सोडतोस. अर्ध्या तासात सगळं कळतं. माणूस बदलला तर करारातच दंड, आणि बदली माणूस तेवढ्याच मार्कांचा पाहिजे.

सरकारचं जीवन प्राधिकरण असताना खासगी कन्सल्टंट कशालाच, असंही लोक विचारतात. प्राधिकरणात जुनी जाणती माणसं आहेत, तांत्रिक मान्यता तिथूनच घ्यावी लागते, आणि जिथे त्यांना काम झेपतंय तिथे द्यावंच. पण केंद्राच्या अमृत आणि अमृत २.० ह्या दोन्ही शहरी योजनांनी एकदम इतकी कामं काढली की सगळं एका खात्याने करावं हे शक्य दिसत नाही. कच्च्या पाण्याचा वर्षभराचा अभ्यास मात्र कन्सल्टंट नेमायच्या आधीच नगरपरिषदेने स्वतः सुरू करावा असं मला वाटतं. महिन्याला एक सँपल आणि पावसाळ्यात आठवड्याला एक, सरकारी लॅबमधून किंवा नागपूरच्या नीरीसारख्या पर्यावरण संशोधन संस्थेचा सल्ला घेऊन. योजनेच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. आणि मग टेंडरला तोच रिपोर्ट जोडायचा, म्हणजे सगळ्या फर्म एकाच पाण्याबद्दल बोलतील.

राहिला शेवटच्या हप्त्याचा मुद्दा, ह्यावर कन्सल्टंट मंडळी सगळ्यात जास्त चिडतात. आज डीपीआरला अमुक, टेंडर झालं की अमुक, बाकी ठेकेदाराच्या बिलाबरोबर, असे हप्ते असतात. प्लांट सुरू झाला, रिबीन कापली, फी संपली. प्लांटचा पहिला खरा पेपर असतो जुलैत, तेव्हा कन्सल्टंट दुसऱ्या तालुक्यात. अमेरिकेत फ्लिंट शहरात २०१४च्या एप्रिलमधे पाण्याचा स्रोत बदलला, नदीचं पाणी पाइपांना खाऊ नये म्हणून जी प्रक्रिया करायची ती केलीच नाही, पाइपांतलं शिसं पाण्यात उतरलं. मुख्य दोष सरकारी अधिकाऱ्यांचाच होता, पण शहराला सल्ला देणाऱ्या दोन इंजिनिअरिंग कंपन्यांनाही पुढे कोर्टात उभं राहावं लागलं आणि तडजोडीचे पैसे मोजावे लागले. आपल्याकडे फिल्टर प्लांट बिघडला म्हणून कन्सल्टंट कोर्टात उभा राहिलाय असं मी तरी ऐकलेलं नाही. कोर्टापर्यंत जायचीच गरज पडू नये म्हणून फीचा पाचवा हिस्सा हातात ठेवायचा.

तो कधी द्यायचा हेही मोघम नको. जून ते ऑक्टोबर रोजच्या नोंदी, फिल्टरमधून बाहेर येणाऱ्या पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूच्या आत, पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० ह्या भारतीय मानकात तीच स्वीकारार्ह मर्यादा आहे. बॅकवॉशला गेलेलं पाणी डीपीआरमधे लिहिलंय तेवढंच. हजार लिटरमागे वीज डीपीआरमधे लिहिलीय तेवढीच, थोडं इकडे तिकडे चालेल. आकडे त्याचेच आहेत, त्यानेच लिहिलेत, आपण फक्त धरून बसायचं.

कन्सल्टंट म्हणतील, ठेकेदाराने दोन वर्षं उशीर केला, नगरपरिषदेने त्याचं बिल थकवलं, महावितरणने कनेक्शन दिलं नाही, ह्यात आमचा काय दोष, आमचे पैसे का अडकवता? रास्त आहे. त्यासाठी करारात दोन गोष्टी घालता येतात. मुदतीनंतर साईटवर थांबावं लागलं तर त्याचा महिन्याचा दर आधीच ठरलेला असावा आणि तो मिळावा, हल्ली ते फुकटात करून घेतात आणि म्हणून मग साईटवर कोणी येत नाही. आणि शेवटचा हप्ता बँक गॅरंटी देऊन आधी उचलायची मुभा असावी, लहान फर्मचा जीव त्यात अडकू नये. फक्त ती गॅरंटी ऑक्टोबरअखेरपर्यंत चालू पाहिजे, ३१ मार्चला संपणारी घेऊ नका.